वाचकांचे प्रश्न : सिल्हूट नेमबाजी – रायफलचे नियम आणि नवखे नेमबाज

सिल्हूट नेमबाजीत कोंबडी, रानडुक्कर, टर्की आणि मेंढा या चार प्राण्यांच्या पोलादी आकृत्या चार वेगवेगळ्या अंतरांवर उभ्या केलेल्या असतात. नेमबाजाने उभे राहून, कोणत्याही आधाराविना, त्या एकेका गोळीत पाडायच्या असतात. या खेळाविषयी आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख साधनांच्या नियमांवर आणि नवख्यांना मिळणाऱ्या वागणुकीवर आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न : माझ्याजवळ बोल्ट सरकवून भरायची साधी .२२ (नळीचा व्यास सुमारे ०.२२ इंच) रायफल आहे आणि तिच्यावर मध्यम ताकदीची दुर्बीण बसवलेली आहे. ही रायफल घेऊन सिल्हूटच्या सामन्याला येऊ का, असे विचारल्यावर एका अनुभवी नेमबाजाने “आधी नीट रायफल घ्या, मग या” असे सांगितले. नीट रायफल म्हणजे नेमकी कोणती?

उत्तर : आपल्या वर्णनावरून आपली रायफल नीटच आहे. ती सामन्यात चालेल की नाही, हे कोणा अनुभवी माणसाच्या मतावर ठरत नाही; ते तराजूवर आणि चाप तपासण्याच्या वजनावर ठरते. अमेरिकेच्या नॅशनल रायफल असोसिएशनच्या नियमावलीत .२२ साठी दोन वर्ग आहेत. ‘सिल्हूट रायफल’ या वर्गात दुर्बिणीसह रायफलचे वजन १० पौंड २ औंस, म्हणजे सुमारे ४.६ किलोपर्यंत चालते. ‘हंटर रायफल’ या दुसऱ्या वर्गात ही मर्यादा ८ पौंड ८ औंस, म्हणजे सुमारे ३.८५ किलो आहे. शिवाय या वर्गात चाप किमान २ पौंडांचा असावा लागतो, म्हणजे सुमारे ९०० ग्रॅमपेक्षा कमी दाबाने तो सुटता कामा नये. दुकानातून घेतलेली शिकारी धाटणीची रायफल बहुधा या दुसऱ्या वर्गात बसते, आणि बसली नाही तरी पहिल्या वर्गाचे दार उघडेच असते.

येण्यापूर्वी रायफलचे वजन दुर्बीण आणि तिच्या कड्यांसह करून पाहावे. रायफल हलकी असूनही मोठ्या भिंगाच्या दुर्बिणीमुळे मर्यादा ओलांडली गेल्याची उदाहरणे थोडी नाहीत. खांद्याचा पट्टा काढून ठेवावा, कारण या खेळात त्याचा आधार घेता येत नाही. चाप हलका करून घेण्याची घाई तर मुळीच करू नये. कारखान्यातून आलेला चाप सहसा २ पौंडांहून जडच असतो. हौसेने हलका करून घेतलेला चाप तपासणीत वजन उचलू शकला नाही, तर आपण स्वतःच स्वतःला एका वर्गातून बाहेर काढलेले असते.

पैसे खर्च करायचेच असतील तर ते रायफलपेक्षा दुर्बिणीवर करावेत, असे आमचे मत आहे. .२२ च्या सामन्यात कोंबडी ४० मीटरवर, रानडुक्कर ६० वर, टर्की ७७ वर आणि मेंढा १०० मीटरवर असतो. गोळी जितकी दूर जाते तितकी ती खाली येते, म्हणून प्रत्येक प्राण्याच्या वेळी दुर्बिणीवरची उंचीची चकती फिरवून नेम वर घ्यावा लागतो आणि सामना संपल्यावर ती पुन्हा कोंबडीच्या खुणेवर आणावी लागते. अशा वेळी चकती दर वेळी बरोबर त्याच जागी परत येणारी दुर्बीण हवी. ती मोठी किंवा झगमगीत असण्याची गरज नाही. चारही अंतरांचे आकडे कागदाच्या चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी रायफलच्या दस्त्यावर चिकटवावी. नवख्यांच्या हुकलेल्या गोळ्यांपैकी पुष्कळशा हात थरथरल्यामुळे हुकलेल्या नसतात. रानडुकरांवर येऊनही दुर्बीण कोंबड्यांच्याच खुणेवर राहिल्यामुळे त्या पायांखालच्या मातीत गेलेल्या असतात. पाच गोळ्या एकाच ठिकाणी खाली पडत असतील, तर आधी चकतीकडे पाहावे आणि मग स्वतःच्या उभे राहण्याच्या पद्धतीला दोष द्यावा.

प्रश्न : मी दहा मीटर एअर रायफल खेळते. तेथे जाड कॅनव्हासचे जॅकेट आणि पँट घालूनच आम्ही उभे राहतो आणि त्यात कोणालाही वावगे वाटत नाही. सिल्हूटमध्ये हे सारे निषिद्ध का? आधारच घ्यायचा नाही, तर मग शर्टाच्या आत कोपर कमरेला टेकवणे तरी कसे चालते?

उत्तर : दोन्ही खेळांचे उगम वेगळे आहेत आणि नियमही त्या त्या उगमाला धरून आहेत. कागदी लक्ष्यावरच्या नेमबाजीत मिलिमीटरच्या अंशाचा हिशोब असतो, त्यामुळे शरीराची हालचाल जास्तीत जास्त आवळून धरणे हा त्या कलेचाच भाग ठरला आहे. सिल्हूट नेमबाजी मेक्सिकोत शिकाऱ्यांमधून आली. तेथे पोलादी आकृत्यांवरचा पहिला सामना १९४८ साली डॉन गोन्झालो आग्विलार यांनी भरवला, असे मानले जाते. १९६८ साली अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात ट्युसन येथील रायफल क्लबात हा खेळ खेळला गेला आणि १९७३ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशनने त्याला अधिकृत मान्यता दिली. रानात उभा असलेला शिकारी ज्या कपड्यांत आणि ज्या रायफलीने एक अचूक गोळी झाडेल, त्याच स्थितीत ती झाडता यावी, ही मूळ कल्पना होती. आजही प्राण्यांची नावे, पट्ट्यावरची बंदी, साधे कपडे आणि वजनाची मर्यादा या सगळ्यांतून तीच कल्पना डोकावते.

कोपराविषयी आपली शंका रास्त आहे. नियम कृत्रिम आधाराला मनाई करतो. स्वतःच्या शरीराचा आधार तो नाकारत नाही. पुढचा हात बरगडीला किंवा कमरेच्या हाडाला टेकवून उभे राहिलेले अनेक उत्तम नेमबाज आपल्याला दिसतील. मनाई आहे ती बाहेरून आणलेल्या ताठपणाला : आत अस्तर भरलेले, पट्ट्यांनी आवळलेले नेमबाजीचे जॅकेट, हाताखालचा टेकू, खांद्यामागे अडकणारा आकडेदार दस्ता वगैरे. थंडीत स्वेटर घालण्याला कोणाची हरकत नसते. पण आधार मिळावा म्हणून एकावर एक कपडे चढवलेले असतील, तर सामन्याचे संचालक ते उतरवायला सांगू शकतात आणि त्यांनी तसे सांगावेही.

आपल्याला मात्र दहा मीटरच्या सरावाचा फायदाच होईल. चाप न झटकता सोडणे आणि गोळी सुटल्यानंतरही क्षणभर नेम धरून ठेवणे या दोन सवयी आपल्याकडे आधीच आहेत, आणि सिल्हूटमध्ये येणाऱ्या बहुतेकांना त्याच सगळ्यात उशिरा जमतात. जॅकेट काढल्यावर नेमाचा ठिपका पहिल्या काही दिवसांत आपल्याला अस्वस्थ करील इतका हलेल. तो थांबण्याची वाट पाहू नये. थांबवू पाहिल्यास तो आणखी हलतो आणि वेळ निघून जाते.

प्रश्न : मी एका क्लबचे व्यवस्थापन पाहतो. गेल्या काही सामन्यांत नवे लोक वाटेल ती साधने घेऊन आले : कोणाची रायफल अर्धा किलो जास्त जड, कोणाच्या नळीखाली दोन पायांचा टेकू, कोणाच्या पेटीत अतिवेगवान काडतुसे. आमचे जुने सभासद म्हणतात की नियम म्हणजे नियम, चालत नसेल त्याला परत पाठवा. तरुण सभासद म्हणतात की सगळ्यांना खेळू द्या, नाहीतर मैदान ओस पडेल. मध्ये मी अडकलो आहे. रेषा कोठे ओढावी?

उत्तर : दोन्ही बाजू आपल्या जागी बरोबर आहेत आणि त्यामुळेच हा वाद मिटत नाही. आपण दिलेल्या तीन उदाहरणांतच त्याची गुरुकिल्ली आहे, कारण ते तीन नियम एका जातीचे नाहीत.

काडतुसाचा नियम मैदान आणि माणसे सांभाळण्यासाठी आहे. .२२ च्या आकृत्या लहान आणि पातळ असतात. नेहमीच्या शिशाच्या गोळ्यांपेक्षा कितीतरी वेगवान गोळ्यांनी त्यांवर खड्डे पडतात, आणि खड्डा पडलेल्या पोलादावरून शिशाचे तुकडे कोणत्या दिशेने उडतील याचा भरवसा राहत नाही. पोलादी गाभ्याच्या किंवा मागे प्रकाशरेषा सोडणाऱ्या गोळ्यांची गोष्ट तर याहून गंभीर आहे. त्यांनी आकृत्या तर बिघडतातच, शिवाय कोरड्या गवताला आग लागू शकते. या नियमात पाहुण्याला, नवख्याला किंवा अध्यक्षांच्या जावयालाही सूट देता येणार नाही. डोळ्यांचा चष्मा, कानांचे संरक्षण, फायरिंग लाइनवर येईपर्यंत उघडा बोल्ट आणि रिकामी चेंबर (काडतूस बसते ती जागा) हे नियमही याच कोटीतले आहेत. मात्र अशा वेळी माणसाला परत पाठवण्याऐवजी क्लबने साध्या काडतुसांचा एक डबा हाताशी ठेवावा आणि तो त्याच्यापुढे करावा. नियम जसाच्या तसा पाळला जातो आणि माणूसही मैदानावर राहतो.

अर्ध्या किलोने जड असलेली रायफल कोणालाही इजा करत नाही. वजनाची मर्यादा स्पर्धकांमधल्या न्यायासाठी आहे. जड रायफल हातात कमी डोलते, त्यामुळे मर्यादा नसती तर ज्याच्याकडे पैसा आणि दंडात ताकद, त्याची रायफल दरवर्षी थोडी थोडी जड होत गेली असती. हा धोका कल्पनेतला नाही. वजनाच्या मर्यादेत राहूनसुद्धा या खेळातल्या रायफली हळूहळू इतक्या खास बनावटीच्या झाल्या की साध्या शिकारी रायफलसाठी वेगळा वर्ग काढावा लागला. मोठ्या बोअरच्या, म्हणजे अधिक रुंद नळीच्या रायफलींच्या खेळात या वर्गाची मर्यादा ९ पौंड, म्हणजे सुमारे ४.१ किलो आहे. नियम उद्या सरसकट सैल केले, तर त्याची पहिली झळ नवख्यांनाच बसेल, हे आपल्या तरुण सभासदांनी लक्षात घ्यावे. ज्या मैदानावर प्रत्येकाच्या हातात खास बनवून घेतलेली रायफल आहे, तेथे साधी रायफल घेऊन येणाऱ्याला कोणी काही बोलले नाही तरी तो पुन्हा येत नाही.

पण न्यायाचा प्रश्न गुणांची तुलना होते तेथेच उभा राहतो. पहिल्यांदा आलेल्या माणसाचे गुण निकालपत्रकाबाहेर ठेवले, तर त्याच्या जड रायफलीने कोणाचे काय हिरावले जाते? म्हणून आमची सूचना अशी आहे, की पहिल्या एक-दोन सामन्यांत साधनांच्या अशा त्रुटी असलेल्या नेमबाजाला ‘स्पर्धेबाहेर’ म्हणून खेळू द्यावे, त्याचे गुण लिहून त्याच्या हातात द्यावेत, आणि वर्गात बसण्यासाठी काय बदलावे लागेल हे त्याच कागदावर नमूद करावे. नोंदणीकृत सामन्यांत, जेथे विक्रम आणि श्रेणी ठरतात, तेथे ही मुभा नसावी; तेथे तराजू सगळ्यांना सारखा.

राहिला दोन पायांचा टेकू. याबाबतीत आम्ही जुन्या सभासदांच्या बाजूने झुकतो, जरी कारण वेगळे असले तरी. टेकूवरून कोंबड्या पाडणाऱ्याला आनंद होतो, पण तो ज्या खेळाला आला आहे तो खेळ त्याने अजून खेळलेलाच नसतो. पुढच्या महिन्यात टेकू काढला की पाडलेल्या आकृत्यांची संख्या एकदम कोसळते आणि आपण मागे गेलो असे त्याला वाटते. त्यापेक्षा त्याला पहिल्या दिवसापासून उभे करावे आणि लक्ष्य सोपे करावे. .२२ चा मेंढा १०० मीटरवरून उचलून ४० मीटरच्या रुळावर आणून ठेवला, तर उभे राहूनही तो बहुतेकांच्या हाती लागतो. सरावाच्या वेळी असे चार-पाच मेंढे जवळ ठेवायला खर्च नाही. पोलाद वाजले आणि मेंढा मागे कोसळला, की तो माणूस पुढचा तासभर फायरिंग लाइनवरून हलत नाही. मात्र ज्याला शारीरिक अडचणीमुळे उभे राहता येत नाही त्याचा विचार वेगळा करावा. त्याला बसून किंवा टेकून खेळण्याची मुभा देण्यासाठी नवखेपणाची अट लावू नये.

आणखी एक गोष्ट आपण विचारलेली नाही, पण ती नियमांपेक्षा महत्त्वाची आहे : नियम कोण सांगतो आणि कोठे सांगतो. सर्वांसमोर तराजू मांडून, नवख्याची रायफल त्यावर ठेवून “बसत नाही” असे जाहीर करणारा मनुष्य तांत्रिकदृष्ट्या अचूक असेल, पण त्या एका वाक्याने त्याने क्लबचा एक भावी सभासद गमावलेला असतो. वजन, चाप आणि काडतुसे यांची तपासणी सामन्यापूर्वी, बाजूला, एकाच ठरलेल्या माणसाने करावी, आणि तो माणूस क्लबमधला सर्वांत कमी बोलणारा नसला तरी सर्वांत शांत बोलणारा असावा.

याशिवाय प्रत्येक नवख्याला एक स्पॉटर द्यावा. या खेळाचा हा मोठा गुण आहे, की नेमबाजाशेजारी दुसऱ्याने उभे राहून, मोठ्या दुर्बिणीतून पाहून, गोळी कोठे पडली आणि वारा काय म्हणतो हे सांगण्याला नियमाचीच परवानगी आहे. नेमबाजीच्या फार थोड्या प्रकारांत शिकवणारा सामना चालू असताना शिकणाऱ्याच्या कानाशी बोलू शकतो. एखादा जुना सभासद नव्याने आलेल्यासाठी दोन फेऱ्या स्पॉटर म्हणून उभा राहिला, तर नियमांविषयीचे अर्धे वाद उद्भवतच नाहीत, कारण ज्याला आपण स्वतः मेंढा पाडायला मदत केली त्याला परत पाठवा असे म्हणणे त्या सभासदाला जड जाते. स्पॉटरनेही एक पथ्य पाळावे : एका गोळीनंतर एकच सूचना. “थोडे डावीकडे” एवढे पुरेसे आहे. श्वास, पाय, खांदा आणि चाप यांवरचे प्रवचन फेरी संपल्यावर द्यावे.

प्रश्न : मोठ्या बोअरच्या सामन्यात माझी गोळी मेंढ्याला स्पष्ट लागली, आवाजही आला, पण मेंढा जागेवरच किंचित फिरून उभा राहिला. पंचांनी हुकली असे लिहिले. हा अन्याय नव्हे काय?

उत्तर : नव्हे. आकृती रुळावरून खाली पडली पाहिजे. नुसती लागली, हलली किंवा फिरली तर गुण नाही. नियम कठोर वाटतो, पण त्याने वाद फार कमी होतात, कारण पडलेली आकृती सगळ्यांना दिसते.

मोठ्या बोअरचा मेंढा ५०० मीटरवर असतो आणि त्याचे वजन वीस-पंचवीस किलोंच्या घरात असते. तेथे पोहोचेपर्यंत गोळीचा बराचसा वेग ओसरलेला असतो. या खेळात किमान ६ मिलिमीटर बोअरची परवानगी आहे, पण १०५ ग्रेनची, म्हणजे सुमारे ७ ग्रॅमची गोळी मेंढ्याच्या पायाजवळ किंवा खाली पोटाला लागली, तर तिचा धक्का अपुरा पडू शकतो. १६८ ग्रेनची, म्हणजे सुमारे ११ ग्रॅमची गोळी त्याच जागी लागली तर मेंढा पडण्याची शक्यता पुष्कळ वाढते. म्हणूनच अनेक नेमबाज कोंबडी, रानडुक्कर आणि टर्कीसाठी हलकी गोळी वापरतात आणि मेंढ्यासाठी जड गोळी राखून ठेवतात. सगळा सामना जड काडतुसांनी खेळण्याचा सल्ला आम्ही देणार नाही. चाळीस-साठ धक्के खांद्यावर घेतल्यावर माणूस चाप ओढण्यापूर्वीच डोळे मिटू लागतो, आणि ही सवय एकदा लागली की सहजासहजी सुटत नाही. आणि नेम मेंढ्याच्या पोटावर न धरता खांद्याच्या रेषेवर धरावा. वर लागलेली गोळी त्याला मागे उलथवते.

जाता जाता सांगायचे, तर आवाजावरून निष्कर्ष काढण्यात घाई करू नये. ५०० मीटरवरून आवाज परत यायला सुमारे दीड सेकंद लागतो, आणि तोवर शेजारच्या नेमबाजाच्या मेंढ्याचाही आवाज त्यात मिसळलेला असू शकतो.

प्रश्न : पहिल्याच सामन्याला जाणार आहे. आदेश आणि वेळ यांविषयी थोडक्यात सांगाल का?

उत्तर : पाच आकृत्यांचा एक संच असतो आणि त्यावर पाच गोळ्या, डावीकडून उजवीकडे, प्रत्येक आकृतीवर एकच. ‘सज्ज’ हा आदेश झाल्यावर पंधरा सेकंद मिळतात. त्यानंतर गोळीबाराचा आदेश होतो आणि पाच गोळ्यांसाठी अडीच मिनिटे असतात. क्रम चुकवून दुसरीच आकृती पाडली तर ती हुकली असे धरले जाते. अडीच मिनिटे वाटतात तितकी कमी नसतात. नेम फारच डोलू लागला तर रायफल खाली घेऊन, श्वास घेऊन, पुन्हा वर उचलायला त्यात सवड असते. नवखे लोक बहुधा पहिल्या मिनिटातच पाचही गोळ्या संपवतात.

प्रश्न : माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. तिला साडेचार किलोंची रायफल पेलत नाही. तिने काही वर्षे थांबावे का?

उत्तर : थांबण्याची गरज नाही. ४.६ किलो ही वरची मर्यादा आहे. खालची मर्यादा ठरवलेली नाही, त्यामुळे तिला झेपेल तितकी हलकी रायफल तिने घ्यावी. वडिलांच्या मापाचा लांब दस्ता मुलांच्या हाती दिला की ती मागे वाकून उभी राहतात आणि वजन कंबरेवर येते. म्हणून आधी दस्ता तिच्या हाताच्या लांबीइतका आखूड करून घ्यावा आणि वजनाची काळजी नंतर करावी. एअर रायफलने सुरुवात केली तर आणखी सोपे होईल. त्या प्रकारात आकृत्या मूळ मापाच्या दशांश असतात आणि अंतरे २०, ३०, ३६ आणि ४५ यार्ड असतात. आवाज आणि धक्का नाहीसा झाला की लहान मुलांचे लक्ष चापावर टिकते. एका बैठकीत वीसेक छर्रे पुरेत. दंड थकल्यानंतर झाडलेल्या छर्ऱ्यांतून फक्त चुकीच्या सवयी लागतात.